एन्याच्या आधी कोण गायचं?

टायटॅनिक सगळ्यांनी पाहिलाय, तेव्हा तिथूनच सुरू करू. त्यात मधे मधे एका बाईचा आवाज येतो बघा, शब्द नाहीत काही, नुसता लांबवर पसरलेला सूर, आणि थिएटरमधे निम्मी पब्लिक रुमाल शोधायला लागते. तो आवाज आयरिश नाहीये. सिसेल नावाच्या नॉर्वेच्या गायिकेचा आहे. आणि ते पाइप्स, म्हणजे बॅगपाइपसारखं आयरिश वाद्य, ते वाजवलंय एरिक रिगलरने, तो अमेरिकन. डायरेक्टर कॅमेरॉनला खरं तर एन्या ही आयर्लंडची गायिका हवी होती, ती नाही म्हणाली, मग जेम्स हॉर्नरने त्याच वळणाने जाणारं संगीत करून दिलं, आणि आपण सगळे वर्षानुवर्षं त्यालाच आयरिश म्हणत आलो.

म्हणजे बघा, १९९७ पर्यंत हा आवाज इतका ओळखीचा झाला होता की ओरिजिनल माणूस नाही मिळाला तरी काम भागत होतं.

या फिल्ममधे आपण त्या ओरिजिनलच्या, म्हणजे आयर्लंड आणि स्कॉटलंडच्या जुन्या केल्टिक गाण्यांच्या मागे जाणार आहोत. मी काही अभ्यासक वगैरे नाही, फॅन आहे, त्यामुळे जे आवडतं त्यावर जास्त वेळ थांबेन आणि वेल्स, फ्रान्समधलं ब्रिटनी वगैरे बाकीच्या केल्टिक मंडळींना आज हातसुद्धा लावणार नाही, राग मानू नका.

हे आयर्लंडचं वायव्य टोक, डोनेगॉल काउंटी. मागे जो टोकदार डोंगर दिसतोय तो एरिगल, ७५१ मीटर. आणि हा खालचा विखुरलेला भाग म्हणजे ग्वीडोर. इथे लोक आजही घरात आयरिश बोलतात, अख्ख्या देशात असे पट्टे थोडेच उरलेत, बहुतेक पश्चिम किनाऱ्याला, जिथली जमीन खडकाळ आणि पोट भरायची मारामार. याच पट्ट्यात मीनालेक नावाचं गाव आहे आणि तिथे लिओ ब्रेनन या माणसाने १९६८ साली एक पब घेतला. लिओ स्वतः बँडवाला, नाचाच्या हॉलमधे वाजवत फिरलेला. बायको बाबा ब्रेनन संगीत शिकवायची आणि चर्चचा कॉयर, म्हणजे समूहाने गाणाऱ्यांचा ताफा, सांभाळायची. मुलं नऊ. सगळ्यात मोठी मोया, आणि मधली एक एन्या, जन्म १९६१.

मोया, तिचे दोन भाऊ आणि दोन जुळे मामा यांनी मिळून १९७० मधे बँड काढला, क्लॅनाड. घरचीच माणसं, पबमधेच तालीम. लेटरकेनीच्या एका स्पर्धेत जिंकले, बक्षीस म्हणून रेकॉर्ड करायची संधी मिळाली आणि १९७३ ला पहिला अल्बम आला. मग बरीच वर्षं युरोपात गाडीतून फिरणं, जर्मनीत कौतुक, घरी जेमतेम.

आणि मग १९८२. ब्रिटनच्या टीव्हीवर एक सिरियल येते, बेलफास्टमधल्या दंगलींच्या काळातली, गुप्तहेर, बंदुका, सगळा मसाला, हॅरीज गेम. तिचं टायटल गाणं क्लॅनाडला मिळतं. आता विचार करा, आदल्याच वर्षी ब्रिटिश राजवटीविरुद्ध लढणारे दहा आयरिश कैदी तुरुंगातल्या उपोषणात गेलेत, ब्रिटन आणि आयर्लंडमधे वातावरण विस्तवासारखं तापलेलं, आणि अशा वेळी ब्रिटिश टीव्हीवर चक्क आयरिश भाषेतलं गाणं लागतं आणि ते चार्टवर पाचव्या नंबरवर जातं. शब्द कोणाला कळत होते? शून्य. यूटू बँडवाले पुढे आपली कॉन्सर्ट संपली की लोक बाहेर पडताना हेच गाणं लावायचे.

त्याच वर्षी एन्या घरच्या बँडमधून बाहेर पडली. दोन वर्षं ती तिथे कीबोर्ड वाजवत होती, मागे उभी राहून गात होती. तिच्याबरोबर मॅनेजर निकी रायन आणि त्याची बायको रोमा असे दोघेही बाहेर पडले, आणि हे तिघं डब्लिनमधे घराच्या मागच्या शेडमधे छोटा स्टुडिओ थाटून बसले. निकीच्या डोक्यात एक खूळ होतं की एकाच बाईचा आवाज परत परत रेकॉर्ड करून एकावर एक चढवायचा, कितीतरी डझन वेळा, की शेवटी अख्खा कॉयर उभा राहिला पाहिजे आणि कॉयरमधला प्रत्येक माणूस एन्याच. शब्द रोमाचे. १९८८ मधे ओरिनोको फ्लो आलं आणि ब्रिटनमधे तीन आठवडे एक नंबरवर होतं. त्या गाण्यातलं ओरिनोको म्हणजे नदी, पण लंडनच्या ज्या स्टुडिओत काम झालं त्याचं नावसुद्धा ओरिनोको, तेव्हा ही सफर थोडी स्टुडिओतल्या स्टुडिओतच झालीय.

हे सगळं मला प्रचंड आवडतं, आजही. पण खरं सांगू का, एन्या ऐकून ऐकून एक प्रश्न डोक्यात बसतो. हे सगळे थर काढून टाकले, रिव्हर्ब म्हणजे तो घुमारा काढला, तर खाली काय आहे?

खाली आहे नेली.

ग्वीडोरहून थोडं दक्षिणेला, तासाभराच्या आत पोचाल, रॅनाफास्ट नावाचं गाव आहे. डोनेगॉलच्या गाण्यांची खाण म्हणतात ती हीच. इथे नेली नी गोनिल नावाची बाई राहायची. ती स्टेजवरची गायिका वगैरे अजिबात नव्हती. घरात राहायची आणि गाणी पाठ होती. तिची भाचरं, मीहाल, ट्रीना आणि मॅरेड, काउंटी मीथमधल्या केल्स गावात वाढत होती आणि सुट्टीत आत्याकडे यायची. मीहालने पुढे डब्लिनच्या युनिव्हर्सिटीसाठी आत्याची गाणी टेप केली तेव्हा ती तीनशेच्या आसपास भरली. तीनशे! एका बाईच्या डोक्यात! आयरिशमधली पण, इंग्लिशमधली पण, काही गाणी अशी की दुसऱ्या कुणाकडे मिळाली नसती.

या भाचरांनी १९७१ मधे स्कारा ब्रे नावाने एक अल्बम केला, सोबत दोस्त डाही स्प्रूल. आता आयरिश भाषेतली जुनी गाणी ही एकट्याने गायची, त्यात दुसरा सूर धरायचा अशी पद्धतच नाही, आणि ही पोरं बीटल्स ऐकून वाढलेली, त्यांनी आत्याची गाणी घेतली आणि गिटारवर हार्मनीत गायली. आज ऐकताना ते इतकं सहज वाटतं की यात धाडस काय हेच लक्षात येत नाही. क्लॅनाडच्या पहिल्या अल्बमच्याही आधीची गोष्ट आहे ही. माझं म्हणाल तर या सगळ्या प्रकारातली एकच रेकॉर्ड घेऊन बेटावर जा असं कोणी म्हटलं तर मी हीच उचलेन, एन्याची माफी मागून.

ग्वीडोरचीच अजून एक, मॅरेड नी वीनी (ही मॅरेड वेगळी). फिडल म्हणजे व्हायोलिन वाजवते आणि गाते, वडील शिक्षक आणि फिडलवादक. तिने नवरा फ्रँकी केनेडीबरोबर आल्तान बँड काढला, नाव ठेवलं एरिगलच्या पायथ्याच्या तळ्यावरून. फ्रँकी बेलफास्टचा, बासरीवाला. १९९४ मधे कॅन्सरने गेला तो, बँड मात्र थांबला नाही, आणि ग्वीडोरमधे त्याच्या नावाने पुढे बरीच वर्षं दर हिवाळ्यात संगीताची शाळा भरत होती.

आता डोनेगॉल सोडून खाली, पश्चिम किनाऱ्यावरच्या कॉनेमाराला. गाव कार्ना. दगड, पाणी, परत दगड.

इथे गाण्याची जी पद्धत आहे तिला शान नोस म्हणतात. वाद्य नाही, ताल नाही, ठरलेला ठेका नाही, एक माणूस आणि त्याचा गळा, बस. सूर सरळ धरत नाहीत, प्रत्येक कडव्यात हरकती बदलतात, आवाज लहानमोठा करून नाटक करायचं नाही, दुःखाचं गाणं असलं तरी चेहरा कोरा. जुने गवय्ये टोपी डोळ्यांवर ओढून नाहीतर भिंतीकडे तोंड करून गायचे. पण ऐकणारे मात्र गप्प बसत नाहीत हां. आपल्या बैठकीत जशी जागेवर दाद जाते तशी इथेही मधेच शाबासकी येते, आणि एक गोष्ट तर आपल्याकडेही नाही, शेजारी बसलेला माणूस गाणाऱ्याचा हात हातात घेतो आणि गाणं चालू असताना तो हळूहळू गोल गोल फिरवत राहतो. शेवटची ओळ बरेचदा गातच नाहीत, बोलून टाकतात, गाणं संपलं, चला आता दुसरं काय.

जो हीनी याच गावचा, जन्म १९१९. गाणी वडिलांकडून, शेजाऱ्यांकडून. पुढे पोटापाण्यासाठी स्कॉटलंड, इंग्लंड, बांधकामावर मजुरी, मग अमेरिका. १९६५ ला न्यूपोर्टच्या फोक फेस्टिव्हलमधे गायला. आणि नोकरी काय करायचा? न्यूयॉर्कमधे सेंट्रल पार्क वेस्टवरच्या एका बिल्डिंगमधे डोअरमन. युनिफॉर्म घालून लोकांना दार उघडून द्यायचं. त्या बिल्डिंगमधल्या किती जणांना माहीत असेल की हा दार धरून उभा असलेला माणूस म्हणजे एका अख्ख्या भाषेतल्या सगळ्यात मोठ्या गायकांपैकी एक आहे? १९८२ मधे अमेरिकन सरकारने त्याला नॅशनल हेरिटेज फेलोशिप दिली, सिअ‍ॅटलच्या युनिव्हर्सिटीने शिकवायला बोलावलं, आणि १९८४ मधे तो तिथेच गेला. पुरलं मात्र कार्नाजवळ. त्याच्या नावाचा उत्सव आता गावात होतो, आणि त्याची रेकॉर्डिंग्ज युनिव्हर्सिटीने सांभाळून ठेवलीत.

कार्नाच्या बाजूलाच ग्लिन्स्कमधे अजून एक अवलिया होता, कोलम ओ कीन, मासेमारी आणि थोडी शेती. १९४० च्या दशकात शेमस एनिस नावाचा तरुण पाइपर सरकारी लोककथा आयोगाच्या नोकरीत सायकलवरून गाणी गोळा करत फिरत होता, कानाने ऐकायचं आणि नोटेशन कागदावर उतरवायचं. या एकट्या कोलमकडून त्याला दोनशेहून जास्त गाणी मिळाली. दोघांची दोस्ती अशी जमली की एनिस त्याच्याबरोबर शेतात कामाला लागायचा आणि काम करता करता गाणी निघायची. सरकारी नोकरी असावी तर अशी.

समुद्र ओलांडून स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांवर गेलं की सगळं उलटं. तिथे गेलिक भाषेत बायका घोळक्याने गायच्या. विणलेलं ट्वीडचं कापड घट्ट व्हावं म्हणून ते शिळ्या मुतात भिजवायचं (हो, बरोबर ऐकलंत), मग लांब फळीभोवती बसून सगळ्यांनी ते ठेक्यात आपटायचं आणि पुढे सरकवायचं. एक बाई ओळ टाकते, बाकीच्या ध्रुपद उचलतात. पुरुषांना तिथे प्रवेश नाही, त्यामुळे गाण्यात कोणाचं कोणावर मन आहे त्यापासून गावातल्या खबरीपर्यंत सगळं येणार. बारा (Barra) नावाच्या बेटावरची फ्लोरा मॅकनील ही असली गाणी घेऊन १९५१ मधे एडिनबराच्या स्टेजवर उभी राहिली, लोकगीतं गोळा करणाऱ्या अमेरिकन अ‍ॅलन लोमॅक्सने टेप चालू ठेवला म्हणून आज आपल्याला ते ऐकायला मिळतं. आणि १९९२ मधे कॅपरकेली बँडने, कॅरन मॅथसनच्या आवाजात, असंच एक कापड आपटायचं गाणं ब्रिटनच्या टॉप ४० मधे नेऊन बसवलं. स्कॉटिश गेलिक पहिल्यांदाच तिथे पोचली.

हे सगळं जुनं-पानं झालं असं मात्र समजू नका. आयर्लंडमधे दरवर्षी इरॅक्तस नावाचा उत्सव होतो, १८९७ पासूनचा, त्यात शान नोसचं सगळ्यात मोठं बक्षीस म्हणजे कॉर्न ई रिआदा, आणि त्या रात्री आयरिश रेडिओवर लोक असे चिकटून बसतात की बस. परीक्षकांच्या निकालावरून दुसऱ्या दिवशी भांडणं. कॉनेमाराचा जिंकला की डोनेगॉलवाले नाराज, आणि व्हाइस व्हर्सा.

ऐकायचं असेल तर माझा क्रम असा: आधी स्कारा ब्रे, मग क्लॅनाडचे ७० च्या दशकातले अल्बम, मग फ्लोरा मॅकनील, आणि जो हीनी सगळ्यात शेवटी, कारण त्याच्याकडे गिटार नाही, धुकं नाही, लाटांचा आवाज नाही, पहिल्या दोन मिनिटांत तुम्ही बंद करणार याची मला खात्री आहे. करा. आठवड्याने परत लावा. आणि ते झोप येण्यासाठी केल्टिक म्युझिक, आठ तास, असल्या प्लेलिस्टच्या वाटेला जाऊ नका, त्यात निम्मा वेळ पाऊसच पडत असतो.