१०५वा म्हणजे किती?

श्रोतेहो, नमस्कार.

जागतिक भूक निर्देशांक प्रसिद्ध झाला की आपल्याकडे दोन दिवस मोठा वाद रंगतो. २०२३ साली भारत १२५ देशांत १११वा होता, २०२४ साली १२७ देशांत १०५वा. विरोधी पक्ष त्यात सरकारचे अपयश वाचतात, सरकार मोजण्याची पद्धतच सदोष असल्याचे पत्रक काढते, शेजारचे कोणकोणते देश आपल्या पुढे आहेत याची मोजदाद होते, आणि तिसऱ्या दिवशी सगळे शांत होते. १०५वा म्हणजे नेमके किती, आणि तो आकडा कोणी, कशावरून काढला, हा प्रश्न या गदारोळात क्वचितच ऐकू येतो. आज आपण तो हिशेब स्वतःच करून पाहू. हाताशी कागद-पेन्सिल असेल तर जरूर घ्या. भागाकार, गुणाकार आणि बेरीज यापलीकडे त्यात काही नाही.

हा निर्देशांक मुख्यतः आयर्लंडमधील कन्सर्न वर्ल्डवाइड आणि जर्मनीतील वेल्टहंगरहिल्फे या दोन स्वयंसेवी संस्था काढतात. त्यात चार आकडे असतात. पहिला, पुरेसा आहार न मिळणाऱ्या लोकांचे प्रमाण. दुसरा, वयाच्या मानाने उंची कमी असलेल्या, म्हणजे खुज्या राहिलेल्या बालकांचे. तिसरा, उंचीच्या मानाने वजन कमी असलेल्या, म्हणजे लुकड्या बालकांचे. आणि चौथा, पाच वर्षे पूर्ण होण्याआधी दगावणाऱ्या बालकांचे. २०२४ सालच्या अहवालात भारताचे हे आकडे अनुक्रमे १३.७, ३५.५, १८.७ आणि २.९ टक्के असे होते. या प्रत्येक आकड्याला एका ठरावीक कमाल मर्यादेने भागायचे. त्या मर्यादा ८०, ७०, ३० आणि ३५ अशा आहेत. मग आलेल्या भागाकाराला शंभराने गुणायचे, आणि पहिल्या व चौथ्या आकड्याचा एक-तृतीयांश, तर मधल्या दोघांचा एक-षष्ठांश घ्यायचा. उत्तरे येतात ५.७१, ८.४५, १०.३९ आणि २.७६. बेरीज २७.३१. अहवालात भारताचे गुण २७.३ असेच छापलेले आहेत. हे गुण जितके कमी तितकी देशाची स्थिती बरी, आणि १०५ हा क्रमांक म्हणजे या गुणांनुसार लावलेल्या रांगेतली आपली जागा.

आता या चार उत्तरांकडे जरा निरखून पाहा. सर्वांत मोठा वाटा लुकड्या बालकांच्या आकड्याचा आहे, जरी मूळ टक्केवारीत खुज्या बालकांचे प्रमाण त्याच्या जवळजवळ दुप्पट असले तरी. याचे कारण त्या कमाल मर्यादांत आहे. लुकडेपणाची मर्यादा ३० ठेवल्यामुळे त्यातला एक टक्का कमी झाला तर गुण अर्ध्याहून थोडे अधिक उतरतात, आणि खुजेपणाची मर्यादा ७० असल्यामुळे तिथला एक टक्का कमी केला तर जेमतेम पाव गुण. मर्यादा मनाला येईल तशा ठरवलेल्या नाहीत. गेल्या काही दशकांत जगात आढळलेल्या कमाल प्रमाणाच्या थोड्या वर त्या बसवलेल्या आहेत. तरीही तो कोणीतरी विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे, निसर्गनियम नव्हे, आणि तो वेगळा घेतला असता तर रांग वेगळी लागली असती.

दुसरी गोष्ट अधिक मजेची आहे. २०२३ ते २०२४ या एका वर्षात आपण सहा जागा वर सरकलो. पण खुज्या बालकांचा आकडा दोन्ही वर्षी ३५.५ होता आणि लुकड्यांचा १८.७. बदलले ते बाकीचे दोनच आकडे: अपुऱ्या आहाराचे प्रमाण १६.६ वरून १३.७ वर आले आणि बालमृत्यूंचे ३.१ वरून २.९ वर. म्हणजे बालकांच्या वजन-उंचीची एकही नवी नोंद हिशेबात न येता आपण वर चढलो, आणि शिवाय यादीत दोन देशांची भर पडलेली होती. या यादीत अमेरिका, जपान, पश्चिम युरोपातले श्रीमंत देश मुळात धरलेलेच नसतात, आणि २०२४ मध्ये वरच्या बावीस देशांना स्वतंत्र क्रमांक न देता १ ते २२ अशी एकत्र जागा दिलेली होती. एका वर्षाच्या क्रमांकाची दुसऱ्या वर्षाच्या क्रमांकाशी तुलना करू नये, असे निर्देशांक काढणारेच बजावतात. ते वाक्य बातमीत सहसा येत नाही.

सरकारचा आक्षेप असा की चारपैकी तीन आकडे बालकांचे आहेत, तेव्हा ते साऱ्या देशाच्या भुकेचे माप कसे? आक्षेपात तथ्य आहे. बालकाचे लुकडेपण अतिसारानेही येते, आणि अतिसार दूषित पाण्याने. या निर्देशांकाला भुकेऐवजी बालपोषणाचा निर्देशांक म्हटले असते तर निम्मा वाद मिटला असता, असे मला वाटते. मात्र हे आकडे परदेशात बसून कोणीतरी रचले, हा समज खरा नाही. खुजेपणाचा ३५.५ हा आकडा आपल्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीतला आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयासाठी ही पाहणी मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१९ ते २०२१ या काळात सुमारे ६ लाख ३७ हजार कुटुंबांत केली. त्याच पाहणीत लुकड्या बालकांचे प्रमाण १९.३ टक्के आले होते. निर्देशांकात धरलेला १८.७ हा आकडा त्याहून कमीच आहे.

सरकारने यावर पोषण ट्रॅकरचा दाखला दिला होता. अंगणवाड्यांतून दरमहा भरल्या जाणाऱ्या या नोंदींनुसार लुकड्या बालकांचे प्रमाण ७.२ टक्क्यांच्या खालीच राहते. तोच आकडा सूत्रात घालून पाहू. १०.३९ च्या जागी ४ येतात आणि भारताचे गुण २७.३ वरून २०.९ वर उतरतात. फरक मोठा आहे. पण या निर्देशांकात २० ते ३४.९ गुण म्हणजे गंभीर स्थिती. तेव्हा सरकारचा आकडा जसाच्या तसा मान्य केला तरी गट बदलत नाही.

दोन आकड्यांत इतकी तफावत का, हे समजायला अंगणवाडीत जावे लागेल. ट्रॅकरमध्ये अंगणवाडीत नाव असलेल्या बालकांच्या नोंदी असतात. पाहणीचे कर्मचारी नमुन्यात निवडलेल्या घरी जातात. अंगणवाडी सेविकेला वजन-उंचीच्या जोडीला आहारवाटप, नोंदवह्या आणि मोबाइलवरची माहिती भरणे, हे सगळे सांभाळायचे असते. दोन वर्षांखालील बालकाची लांबी निजवून मोजायची आणि त्यावरील बालकाची उंची उभे करून, असा नियम आहे, कारण एकाच बालकाची निजवून मोजलेली लांबी उभ्या उंचीपेक्षा सरासरी ०.७ सेंटीमीटर अधिक भरते. रडणारे बालक गुडघे दुमडते, टाच उचलते, डोके वळवते. एक सेंटीमीटर कमी मोजला गेला की तेच वजन त्या उंचीला पुरेसे दिसू लागते, आणि बालक लुकड्यांच्या रकान्यातून बाहेर पडते. कोणी लबाडी केली असे मी मुळीच म्हणत नाही. मोजण्याच्या कामात हात नकळत एका बाजूला झुकतो, एवढेच.

हा झुकणारा हात आकडेशास्त्रात ज्यांनी पुराव्यानिशी दाखवून दिला, ते आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म तिथे १९११ साली झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आणि नंतर लंडनला शिकून ते भारतीय कृषी संशोधन परिषदेत आले. पीक कापणी प्रयोगासाठी, म्हणजे थोडेसे पीक कापून उत्पन्नाचा अंदाज बांधण्यासाठी, शेतात केवढा तुकडा आखावा यावरून त्यांचा संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी वाद झाला. महालनोबिस यांना लहान तुकडे पसंत होते, कारण त्यात खर्च कमी. सुखात्मे यांनी दाखवले की तुकडा जितका लहान तितके उत्पन्न फुगून दिसते. लहान तुकड्यात क्षेत्राच्या मानाने कडा फार असते, आणि नेमके कडेवरचे ताट आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. भरलेले कणीस सोडवत नाही.

पुढे १९५१ पासून सुखात्मे रोममध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते. त्या संघटनेचे पहिले महासंचालक लॉर्ड बॉइड ऑर यांनी जगातली दोन-तृतीयांश माणसे उपाशी किंवा कुपोषित असल्याचे सांगितले होते आणि ते वाक्य सर्वतोमुखी झाले होते. सुखात्मे यांनी १९६१ साली मांडलेल्या हिशेबानुसार पोट न भरणाऱ्यांचे प्रमाण दहा ते पंधरा टक्क्यांच्या आसपास निघत होते. त्यांची रीत अशी: देशात किती अन्न उपलब्ध आहे ते काढायचे, ते कुटुंबाकुटुंबांत किती विषम वाटले जाते याचा अंदाज पाहण्यांवरून बांधायचा, आणि किमान गरजेच्या रेषेखाली किती लोक राहतात ते काढायचे. भूक निर्देशांकातला १३.७ हा पहिला आकडा आजही त्याच घराण्यातल्या रीतीने निघतो. पुण्यात परतल्यावर सुखात्मे यांनी अर्थशास्त्रज्ञ दांडेकर आणि रथ यांच्या माणशी दररोज २२५० उष्मांकांच्या दारिद्र्यरेषेवर हरकत घेतली. एकाच निरोगी माणसाची गरज दिवसागणिक बदलत असते, तेव्हा सरासरी हीच रेषा धरली तर भूक अवाजवी मोठी दिसते, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या टीकाकारांना ही भूक लहान करून दाखवण्याची वाट वाटली. रेषा थोडी वर किंवा खाली सरकवली की कोट्यवधी माणसे या बाजूची त्या बाजूला जातात, हे मात्र दोन्ही पक्षांना ठाऊक होते.

रेषा ओळखीची झाली की माणसे तिच्या बेताने वागू लागतात, याचे उदाहरण जागतिक बँकेच्या व्यवसायसुलभता क्रमवारीत आहे. २०१४ साली त्या यादीत भारत १४२वा होता, २०१९ साली ६३वा. बांधकाम परवान्यांच्या बाबतीत तर आपण १८१ वरून दोन वर्षांत २७ वर आलो. हा परवाना म्हणजे एका ठरावीक काल्पनिक इमारतीचा परवाना: दोन मजल्यांचे, सुमारे १,३०० चौरस मीटरचे, पुस्तके किंवा लेखनसाहित्य ठेवण्याजोगे गोदाम. आणि मोजमाप फक्त दिल्ली आणि मुंबई या दोन शहरांत, दिल्लीला ५३ टक्के आणि मुंबईला ४७ टक्के वजन देऊन. दोन महापालिकांनी आपली प्रक्रिया सुटसुटीत केली, हे कौतुकास्पदच आहे. नाशिकच्या किंवा सोलापूरच्या अर्जदाराला मात्र त्या चढाईत स्थान नव्हते. न्यायालयात करार अमलात आणण्याच्या बाबतीत त्याच दोन वर्षांत आपण १६४ वरून जेमतेम १६३ वर आलो, कारण दिवाणी दावा संगणकावरचा अर्ज सोपा करून लवकर निकालात निघत नाही. पुढे या क्रमवारीच्या आकड्यांतच फेरफार झाल्याचे उघड झाले. २०१८ सालच्या अहवालात चीनला ७८वी जागा मिळाली होती, ती खरे तर ८५वी हवी होती. सप्टेंबर २०२१ मध्ये बँकेने तो अहवाल कायमचा बंद केला.

नावडत्या यादीची पद्धत आपण भिंग घेऊन तपासतो आणि आवडती यादी फलकावर लावतो. जुलै २०२५ मध्ये उत्पन्नाच्या समानतेत भारत जगात चौथा असल्याचे सरकारी पत्रकातून जाहीर झाले. आधार होता जागतिक बँकेचा गिनी गुणांक, २५.५. गिनी म्हणजे विषमतेचे माप: शून्य म्हणजे पूर्ण समानता, शंभर म्हणजे पूर्ण विषमता. पण तो भारतीय कुटुंबांच्या खर्चावरून काढलेला होता आणि पाश्चात्त्य देशांचे गुणांक उत्पन्नावरून. शंभरपट कमावणारा माणूस शंभरपट भाकरी खात नाही, त्यामुळे खर्चातली विषमता सहसा सौम्य दिसते. जागतिक बँकेच्याच टिपणात भारताच्या उत्पन्नाचा दुसरा एक गुणांक नोंदवलेला होता: ६२.

आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न एकत्र मोजणाऱ्या मानव विकास निर्देशांकातही अशी ठेच लागते. एका अहवालात २०२२ या वर्षासाठी भारताचे गुण ०.६४४ होते, पुढच्या अहवालात त्याच २०२२ वर्षासाठी ०.६७६. मधल्या काळात माहितीची उजळणी झाली होती, वर्ष तेच होते.

आता शेवटचा एक आकडा. जागतिक यादीत महाराष्ट्राला वेगळी जागा नसते, पण देवनारच्या संस्थेच्या पाहणीत राज्यांचे आकडे स्वतंत्र दिलेले आहेत. २०१५-१६ च्या चौथ्या फेरीत महाराष्ट्रात उंचीच्या मानाने वजन कमी असलेली बालके २५.६ टक्के होती. पाचव्या फेरीतही प्रमाण २५.६ टक्के, म्हणजे देशाच्या १९.३ पेक्षा बरेच अधिक. मघाच्या सूत्रात घातला तर या एकट्या आकड्याचे १४.२ गुण होतात. त्या पाहणीत जिल्हावार तक्तेही आहेत. आपापल्या जिल्ह्याचे पान उघडून त्यातली उंचीच्या मानाने वजनाची ओळ पाहता येईल.

नमस्कार.