बाहेरची थंडी आणि घरातला हीटर

नमस्कार, श्रोतेहो.

बाहेर १० अंश सेल्सिअस असताना घर उबदार ठेवायला जेवढी ऊर्जा लागते, त्याच्या किती पट शून्य अंशाला लागेल? घरात २० अंश हवेत, म्हणजे आतबाहेरचा फरक १० वरून २० वर गेला. भिंती, छप्पर, खिडक्या यांतून निसटणारी उष्णताही जवळपास दुप्पट झाली. मग बिलही दुप्पट? नाही, त्याहून जास्त!

कारण घराला ऊब एकटा हीटर देत नाही. शांत बसलेला माणूससुद्धा सुमारे १०० वॅट उष्णता देत असतो. स्वयंपाक, फ्रिज, खिडकीतून आलेलं ऊन, सगळ्यांचा हातभार लागतो. समजा, या फुकटच्या उबेवर तुमचं घर बाहेर १६ अंश असेपर्यंत निभावतं. मग १० अंशांना हीटरच्या वाट्याला ६ अंशांची तूट येते, आणि शून्याला १६ अंशांची. अडीच पटीहून अधिक!

या तुटीची रोजची बेरीज ठेवतात, तिला अंश-दिवस म्हणतात. ब्रिटनमध्ये ती १५.५ अंशांपासून मोजतात, अमेरिकेत ६५ फॅरेनहाइटपासून, म्हणजे साधारण १८ सेल्सिअसपासून. मला हा हिशेब फार मोलाचा वाटतो. महिन्याचे अंश-दिवस वाढले आणि त्या प्रमाणात बिल वाढलं, तर ते थंडीचं काम. अंश-दिवस तेवढेच आणि बिल मात्र फुगलं, तर घरातच कुठेतरी शोधायला हवं.

हीट पंप असेल तर आणखी एक गोष्ट. तो बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत आणतो. हवा जितकी गार, तितके त्याचे कष्ट जास्त. म्हणजे ज्या दिवशी ऊब सर्वाधिक हवी, त्याच दिवशी तो प्रत्येक युनिट विजेमागे कमी ऊब देतो.

आणि वारा! थर्मामीटरवर तो दिसत नाही, पण फटीफटीतून गरम हवा बाहेर आणि गार हवा आत तोच करतो. वाऱ्याच्या रात्री तळहाताची मागची बाजू किंचित ओली करून खिडकीच्या चौकटीलगत हळूहळू फिरवा. एखाद्या कोपऱ्यात कातडीला एकदम गार झुळूक लागेल. ती फट बुजवली की हीटरचं रोजचं काम तर हलकं होतंच, शिवाय घराचा तो १६चा आकडाही थोडा खाली येतो, आणि हीटर लावायचे काही दिवसच वर्षातून गळून पडतात.