घण पडला, पण चाकं थांबली नाहीत

नमस्कार श्रोतेहो. स्लॉट मशीन, म्हणजे पैसे टाकून चित्रांची चाकं फिरवायची आणि चित्रं जुळली की जिंकायचं, असं यंत्र. या जुगाराला कायद्यानं परवानगी द्यावी का? उत्तराआधी माझी एक लाडकी गोष्ट.

साल १९३४. न्यूयॉर्कचे नवे महापौर फिओरेलो ला गार्डिया. बुटकी मूर्ती, पण अंगात वारं. शहरभर स्लॉट मशीन पसरलेल्या आणि त्यांच्यामागे फ्रँक कॉस्टेलो हा नामचीन गुंड. पठ्ठ्याची अक्कल बघा! नाणं टाकलं की यंत्रातून पेपरमिंटच्या गोळ्या पडायच्या. म्हणजे जुगार कसला, हे तर गोळ्या विकायचं यंत्र! पोलिसांनी हात लावू नये म्हणून कोर्टाचा हुकूमसुद्धा मिळवलेला. ला गार्डियांनी शेवटी यंत्रं जप्त केली, फोटोवाले बोलावले आणि स्वतः घण उचलला. फाडफाड! (कॅमेरा समोर असला की पुढाऱ्याचा घण जरा जास्तच उंच जातो, हे माझं जुनं मत.) मोडकी यंत्रं पाण्यात बुडवली. टाळ्या झाल्या. आणि कॉस्टेलो? त्यानं धंदा लुईझियाना राज्यातल्या न्यू ऑर्लिन्सला हलवला. घण न्यूयॉर्कात पडला, चाकं लुईझियानात फिरू लागली!

परवानगीवाले नेमकं हेच म्हणतात. बंदीनं यंत्र जात नाही, लपतं. लपलेलं यंत्र तपासणार कोण, कर घेणार कोण?

मुद्दा खरा आहे. पण आजचं यंत्र तेव्हाचं नाही. बटण दाबताक्षणी आतली चिप निकाल ठरवते, पडद्यावरची चाकं नुसती शोभेची. ‘थोडक्यात हुकलं’ असं काही नसतंच. पुन्हा सांगतो, थोडक्यात हुकलेलं नसतं! आणि लावलेल्या पैशातले ‘नव्वद टक्के परत’ म्हणजे सरासरी शंभराचे नव्वद. तेच पुन्हा लावले की एक्क्याऐंशी. अशा दहा फेऱ्यांत उरतात पस्तीसच्या आसपास. ऑस्ट्रेलियाच्या उत्पादकता आयोगानं २०१० साली अंदाज दिला, की या यंत्रांवरचा सुमारे ४० टक्के पैसा व्यसनाच्या विळख्यातल्या लोकांचा असतो. त्यातूनच सरकारला कर मिळतो. मग चटक दोघांनाही लागते.

म्हणून मला नॉर्वे पटतो. २००७ साली त्यांनी सगळी यंत्रं उचलली, २००९ साली सरकारी कंपनीची नवी आणली. रोकड नाही, नावाचं कार्ड हवं. हरण्याची मर्यादा गाठली, की यंत्र तुमचा पैसा घेतच नाही.