उणे पाण्यातले मासे

(उजनी जलाशयाच्या काठावरील एका वाचनालयाच्या उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज, वाचनालयाचे कार्यकर्ते आणि मित्रहो,

या टेबलावर मी काचेच्या दोन बाटल्या ठेवल्या आहेत. दोन्हींत आज पहाटे पळसदेवच्या बाजूला, भीमेच्या जुन्या पात्रावर होडी उभी करून भरून घेतलेले उजनीचे पाणी आहे. एका बाटलीत हातभर खोलीचे आहे आणि दुसरीत वीस फुटांवरचे. त्यांच्याकडे मी शेवटी येणार आहे. पत्रिकेत विषय ‘उन्हाळ्यातील जलाशयांची स्थिती आणि गोड्या पाण्यातील मासेमारी’ असा छापला आहे आणि त्याबाबत मला तीन सूचना मांडायच्या आहेत. पण त्याआधी एका शब्दाबद्दल बोलल्यावाचून मला पुढे जाता येणार नाही. तो शब्द म्हणजे ‘मृत साठा’, म्हणजे धरणातले उपयुक्त न धरलेले तळचे पाणी.

उन्हाळा लागला की आपल्या भागात सकाळच्या चहाबरोबर पहिला प्रश्न उजनी किती टक्क्यांवर आली हाच असतो. पाणीपातळी ४९६.८३० मीटरला असली की धरण शंभर टक्के, आणि ४९१.०३० मीटरला आली की शून्य. म्हणजे ज्या टक्केवारीवर आपला ऊस, आपली भांडणे आणि आपली आवर्तने उभी आहेत, ती सगळी ५.८० मीटर उंचीच्या पाण्यात मावते. धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट आहे. त्यातले साडेत्रेपन्न टीएमसी उपयुक्त आणि साडेत्रेसष्टहून थोडे अधिक मृत. निम्म्याहून जास्त धरण कागदावर मृत आहे, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. २०२४ च्या जूनच्या आरंभी उजनी उणे साठ टक्क्यांच्या घरात गेली होती, म्हणजे शून्याच्या खालचे, मृत साठ्यातलेही पाणी घटले होते, आणि ‘उजनी आटली’ असेच जो तो म्हणत होता. हिशेब केला तर त्याही दिवशी धरणात एकतीस-बत्तीस टीएमसी पाणी होते. एरवी पाण्याखाली असलेले पळसनाथाचे देऊळ उघडे पडले म्हणून आपण ते पाहायला गेलो. त्याच वेळी उरलेल्या पाण्यात सगळा मासा दाटीवाटीने जगत होता, आणि त्याच्यावर पोट असलेली भोई समाजाची शेकडो घरे काठावर होती.

पाटबंधाऱ्यांच्या हिशेबात हा शब्द चुकीचा नाही. जे पाणी उताराने आपोआप कालव्यात जात नाही, ते त्यांच्या दृष्टीने मृत. माझी तक्रार अशी, की तोच हिशेब आपण माशालाही लावतो. ऑक्टोबरमधल्या शंभर टक्क्यांत मासा कुठेही राहू शकतो. मेमध्ये त्याला राहायला हे तथाकथित मृत पाणीच असते. मग त्या पाण्याची खोली किती, ते किती तापले आहे आणि पहाटे त्यात प्राणवायू किती उरतो, हे विचारणारे कोणी नको का?

पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो. वीस अंश सेल्सिअसला एका लिटरमध्ये सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो; तीस अंशांना तो साडेसातवर येतो. त्याच वेळी माशाच्या शरीराचा वेग वाढतो, कारण त्याला स्वतःची ऊब नसते, पाण्याची ऊब हीच त्याची ऊब. दहा अंश वाढले की प्राणवायूची गरज जवळजवळ दुप्पट होते. मिळकत घटावी आणि त्याच महिन्यात घरात खाणारी तोंडे दुप्पट व्हावीत, अशी ही गत आहे. त्यात पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीतून भीमेत येते आणि त्यातल्या नत्र-स्फुरदावर उजनीत हिरवे शेवाळ दाटते. हे शेवाळ दिवसा प्राणवायू तयार करते आणि रात्री स्वतःच खाते. म्हणून दुपारी चारच्या सुमारास पाण्यात प्राणवायू सर्वांत जास्त असतो आणि सूर्योदयापूर्वी सर्वांत कमी.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये दख्खनच्या नद्यांतल्या माशांची वर्णने प्रसिद्ध केली, तेव्हा त्याने आपल्या कोळी-भोयांच्या तोंडची नावेच शास्त्रीय नावांत घेतली. खुद्री, कोळस, नुक्ता ही नावे आजही जगभरच्या मत्स्यशास्त्रात चालतात. त्यातला खुद्री, म्हणजे आपला महसीर, त्याला पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळाला होता. आज त्याच मुळा-मुठेतून उजनीला काय येते ते मी वेगळे सांगत नाही.

विहिरीत सूर मारणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे, की उन्हाळ्यात वरचे पाणी कोमट लागते आणि खाली पायाला गार. जलाशयातही तसेच थर पडतात. गरम पाणी हलके म्हणून वर तरंगते, गार पाणी खाली बसते आणि दोन्ही मिसळत नाहीत. आपल्याकडे पाणी मुळातच गरम असल्यामुळे दोन-तीन अंशांच्या फरकानेही थर पक्का होतो. वरचा प्राणवायू खाली उतरत नाही, आणि तळाच्या गाळात कुजणारा माल खालचा प्राणवायू संपवून टाकतो. मेमध्ये मासा या दोन थरांच्या मध्ये अडकलेला असतो. वर भाजते आणि खाली गुदमरते.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीच्या एका मे महिन्यात मी पहाटे साडेतीनला एका वयस्क भोई गृहस्थांच्या होडीत होतो. त्यांना आम्ही सगळे आबा म्हणायचो. मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवत होतो आणि बरोबर प्राणवायू मोजण्याचे साहित्य होते. पद्धत साधी आहे. पाणी बुडबुडा न येऊ देता तीनशे मिलिलिटरच्या बाटलीत भरायचे, त्यात मँगनीज सल्फेटचे आणि मग अल्कली-आयोडाइडचे द्रावण तळाशी सोडायचे, बूच लावून बाटली उलटसुलट करायची. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका, म्हणजे तळाशी बसणारा गाळ, तयार होतो; नसेल तर तो पांढराच राहतो. विजेरीच्या उजेडात मी वरच्या पाण्याची बाटली धरली, तर साका पिवळसर तपकिरी, अगदी फिका. मग वीस फुटांवरचे पाणी वर घेतले, द्रावणे घातली, बाटली हलवली. साका पांढरा झाला आणि पांढराच राहिला. दुधात लिंबू पिळावे तसे त्याचे तुकडे सावकाश खाली बसत होते. मी दहा मिनिटे ती बाटली हातात धरून बसलो होतो.

आबांनी बाटलीकडे एकदाच पाहिले आणि म्हणाले, “सर, तुमची बाटली आत्ता सांगतीय. कोळंबी कालच काठाला आलीय.” त्यांनी विजेरी काठाकडे वळवली. वीतभर पाण्यात कोळंबीची रांग लागली होती आणि तिच्यामागे चिलापीची पिल्ले पाण्याच्या पातळ वरच्या पापुद्र्याला तोंड लावून उभी होती. “आज जाळं लावत न्हाई. अडकल्याला मासा तासाभरात सडतो, त्याचा पैसा होत न्हाई. आन् वळीव आला तर हे समदं उलटणार.” त्यांनी आदल्या संध्याकाळचीही जाळी काढून घेतली होती. त्या दिवशी त्यांच्या घरी भिगवणच्या बाजारात नेण्यासारखे काही नव्हते.

तिसऱ्या दिवशी दुपारी वळीव आला. अर्धा तास वारा, मग टपोरे थेंब आणि गारा. वाऱ्याने आणि वरच्या गार पावसाने थर मोडले आणि तळाचे, प्राणवायू नसलेले, कुजक्या अंड्याचा वास असलेले पाणी वर आले. दुसऱ्या दिवशी सकाळी काठावर आधी मोठे कटले होते, कारण मोठ्या माशाला प्राणवायू जास्त लागतो. मी मोजायला सुरुवात केली. दोनशेच्या पुढे माझ्याने मोजवेना. कितीतरी माद्यांची पोटे गाभोळीने टम्म फुगलेली होती.

आणि आता माझी खरी व्यथा. मासे मेले म्हटल्यावर कोणीतरी पाण्यात विष टाकले, असा बोभाटा झाला आणि संशय भोयांवरच आला. ज्या आबांनी स्वतःची जाळी काढून घेतली होती, त्यांना दोन दिवस जबाबासाठी खेटे घालावे लागले. मी माझ्या नोंदी घेऊन एका कार्यालयात गेलो. तिथे मला शांतपणे सांगण्यात आले, की त्यांनी तपासलेल्या नमुन्यात प्राणवायू उत्तम आहे आणि धरणातला साठाही त्या वर्षीच्या मानाने बरा आहे. नमुन्यावरची वेळ सकाळी साडेअकराची होती. साडेअकराला, कडक उन्हात, शेवाळ भरात असताना घेतलेले पाणी! मी विचारले, पहाटेचा नमुना का घेतला नाही? उत्तर मिळाले, की कार्यालय दहाला उघडते. ते उत्तर देणारा मनुष्य प्रामाणिक होता आणि त्याला माझ्याशी वाईट वागायचे नव्हते, म्हणून ते मला आजवर अधिकच टोचत आले आहे.

सगळेच मासे मात्र सारखे गुदमरत नाहीत. मरळ हवेतून श्वास घेते. तिला पाण्याखाली दाबून ठेवले तर ती बुडून मरते. मासा पाण्यात बुडून मरतो म्हटल्यावर माझे विद्यार्थी हसायचे, आणि आता आपणही हसलात, पण ते खरे आहे. १९५२ मध्ये भारतात आलेली चिलापीही कमी प्राणवायूत तग धरते आणि मादी अंडी-पिल्ले तोंडात सांभाळते. प्रत्येक कडक उन्हाळा कटला-रोहूला मारतो आणि चिलापीला जागा करून देतो. आपल्या बाजारातल्या पाट्यांमध्ये चिलापी का वाढली, याचे एक कारण या पहाटेच्या पाण्यात आहे.

दुसरा एक भ्रम मला आज दूर करायचा आहे. मेमध्ये उजनीत मासा भरपूर मिळतो, तेव्हा मासा वाढला असे आपण म्हणतो. मासा वाढलेला नसतो, पाणी आकसलेले असते. पसाभर पाण्यात सगळा मासा गोळा झाला की कोणाच्याही जाळ्याला लागतो. आणि नेमक्या याच दिवसांत रोहू, कटला, मृगळ यांच्या माद्या अंड्यांवर असतात. किलोमागे लाखाहून जास्त अंडी घेऊन ही मादी मृगाच्या पुराची वाट पाहत असते, कारण हे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना वाहता लोंढा लागतो. मेमध्ये बारीक आसाचे, मच्छरदाणीसारखे जाळे ओढून आपण पुढच्या दोन वर्षांचा मासा एका आठवड्यात विकतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटे उरली आहेत. सूचना थोडक्यात सांगतो.

पहिली अशी, की मार्च ते जून रोजच्या टक्केवारीशेजारी पहाटे पाचचा प्राणवायू आणि पाण्याचे तापमान छापावे. भिगवण, पळसदेव आणि धरणाच्या भिंतीजवळ, वरचे आणि तळाचे. त्यासाठी आज मापक मिळतात, बाटल्याही लागत नाहीत. मोजण्याचे काम मच्छीमार संस्थांच्या तरुणांकडे द्यावे आणि त्याचा मोबदला द्यावा. ते पहाटे पाण्यावर असतातच.

दुसरी, जुन्या पात्रातले डोह एप्रिल ते जुलै जाळ्यांपासून मोकळे ठेवावेत. समुद्रावर आपण १ जून ते ३१ जुलै बंदी पाळतो. महाडजवळ वाळण कोंडीला, काळ नदीच्या डोहात, वरदायिनीच्या नावाने लोकांनी महसीर राखले आहेत. उजनीतल्या डोहांची नावे जुन्या भोयांना पाठ आहेत. ती नकाशावर चढवावीत, तरंगते पिंप लावून हद्द दाखवावी आणि त्या काळातली घरांची तूट सरकारने भरून द्यावी. भरपाईवाचून बंदी घातली तर ती मला मान्य नाही, हे स्पष्ट सांगतो.

तिसरी, बीज उन्हात सोडू नये. पाऊस स्थिरावल्यावर, आठ-दहा सेंटीमीटरची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, सोडावी. लाखांचे आकडे दाखवण्यासाठी मत्स्यजिरे, म्हणजे नुकतीच जन्मलेली पिल्ले, ओतू नये, कारण ते चिलापीच्या आणि शिंगट्याच्या पोटात जाते.

वाऱ्याबद्दल एक वाक्य बोलायला हवे. २१ मे २०२४ रोजी कळाशी आणि कुगाव यांच्या दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा माणसे गेली. मासेमारीच्या होड्याही त्याच पाण्यावर असतात. मेच्या दुपारी पश्चिमेला ढग दाटले की जाळे तसेच टाकून काठ गाठावा. आणि होडीत जीवरक्षक जाकीट असलेच पाहिजे, ते घरी खुंटीला टांगलेले नको.

वेळ संपली. या बाटल्यांत पहाटेच दोन्ही द्रावणे घातलेली आहेत आणि साका आता तळाशी बसला आहे. डावीकडची वरच्या पाण्याची, उजवीकडची वीस फुटांवरची. मी रंग सांगत नाही. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी रांगेने पुढे यावे, बाटली खिडकीच्या उजेडात धरावी, पण बूच उघडू नये.