विहिरीतला दगड आणि मंगळावरची साक्षीदार नळी

श्रोतेहो,

टेबलावर ठेवलेला हा दगड मेढ्याकडच्या एका विहिरीच्या खोदाईतून निघालेला आहे. विहिरी खोदणारी मंडळी अशा खडकाला मांजऱ्या म्हणतात. त्याच्या काळपट अंगात जागोजागी पोकळ्या आहेत आणि त्यांत पांढरे, सुईसारखे स्फटिक दाटीने भरले आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे आत अडकले आणि पुढे खडकातून झिरपणाऱ्या पाण्याने त्या पोकळ्यांत झिओलाइट नावाची खनिजे साचवली. अजिंक्यताऱ्याचा कडा ज्या बेसाल्टचा आहे, त्याच जातीच्या खडकाने मंगळाचा बराचसा पृष्ठभाग बनला आहे, आणि मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांना तिथेही झिओलाइट गटातले ॲनाल्साइम आढळले आहे. म्हणजे तिथल्या खडकांतही कधीकाळी पाणी मुरत होते. हा दगड मी पहिल्या रांगेत देतो, तो हातोहात मागे जाऊ द्या.

मंगळाच्या उघड्या जमिनीवर आज जगणे फार कठीण आहे. हवेचा दाब आपल्याकडच्या दाबाच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी, थंडी जीवघेणी आणि अतिनील किरणांना अडवायला ओझोनचे दाट कवच नाही. म्हणून अनेक संशोधकांचे लक्ष पृष्ठभागाखाली आहे. त्याला आधारही आहे: दक्षिण आफ्रिकेतल्या एका सोन्याच्या खाणीत, 2.8 किलोमीटर खोलीवरच्या पाण्यात, सूर्यप्रकाशाशी काहीही संबंध नसलेला एक जीवाणू सापडला. युरेनियमच्या किरणोत्सारामुळे पाण्यातून सुटणारा हायड्रोजन आणि खडकातले सल्फेट यांवर तो जगतो. आपल्या सातारा जिल्ह्यातही असे काम झाले आहे. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपानंतर कोयनेच्या परिसरात भूकंप का होत राहतात, हे समजून घेण्यासाठी गोठणे येथे तीन किलोमीटर खोल छिद्र घेण्यात आले, आणि कोयनेच्या या खोल खडकांतल्या सूक्ष्मजीवांचा अभ्यास खरगपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी केला. ज्या कातळाला आपण निर्जीवपणाची उपमा देतो, त्याच्या पोटात वस्ती आहे.

पण ही वस्ती तिथलीच आहे हे कसे ठरवायचे? खोदताना छिद्रात जे पाणी आणि चिखल सोडावा लागतो, त्याबरोबर वरचे जीवाणूही खाली जातात. म्हणून खडकाच्या गाभ्याचा बाहेरचा थर निर्जंतुक हत्यारांनी तासून टाकायचा, आतला भाग तपासायचा, आणि खोदाईच्या द्रवात कोणते जीव होते याचीही नोंद ठेवायची. ‘हे आपलेच तर नाही ना?’ हा प्रश्न या शास्त्राचा कणा आहे, असे माझे मत आहे.

कोल्हापुरात जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर यांनी हाच प्रश्न आकाशाकडे तोंड करून विचारला. 20 एप्रिल 2005 रोजी हैदराबादहून सोडलेल्या बलूनसोबत निर्जंतुक केलेल्या, आतली हवा काढून टाकलेल्या पोलादी नळ्या पाठवल्या होत्या. द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेल्या या नळ्यांनी 20 ते 41 किलोमीटर उंचीवरची हवा गोळा केली. तिच्यातून जीवाणूंच्या 12 आणि बुरशीच्या 6 वसाहती वाढल्या, आणि तीन जीवाणू शास्त्राला नवे होते. त्यांची नावे खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल, इस्रो आणि आर्यभट यांच्यावरून ठेवली गेली. अतिनील किरण ते त्यांच्या जवळच्या भाऊबंदांपेक्षा अधिक सोसतात. तरीही, ते पृथ्वीबाहेरून आले हे यावरून निर्णायकपणे सिद्ध होत नाही, असे इस्रोने स्पष्ट सांगितले. हा संयम मला त्या शोधाइतकाच मोलाचा वाटतो.

मात्र संशय उलटही फसवू शकतो. 1976 मध्ये व्हायकिंगची दोन याने मंगळावर उतरली. पृथ्वीवरचे जीव सोबत जाऊ नयेत म्हणून ती निघण्यापूर्वी शंभर अंशांहून अधिक उष्णतेत तीस तासांहून जास्त काळ भाजून काढली होती. तिथल्या मातीवर किरणोत्सारी कार्बन असलेल्या पोषक द्रवाचे थेंब सोडले, तेव्हा वायू बाहेर पडला. तीच माती आधी 160 अंशांना तापवली, तेव्हा तो जवळपास पडलाच नाही. जीवाकडून अपेक्षा असते तसेच हे घडले. पण माती तापवून तपासणाऱ्या दुसऱ्या उपकरणाला तिच्यात सेंद्रिय, म्हणजे जीवांना लागणारे कार्बनयुक्त, द्रव्य मिळेना. फक्त क्लोरीनयुक्त मिथेनचे अंश दिसले, आणि ते पृथ्वीवर उपकरण धुताना वापरलेल्या द्रावकाचे अवशेष म्हणून बाजूला ठेवले गेले. पुढे 2008 मध्ये फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट हा क्लोरीनयुक्त क्षार सापडला. परक्लोरेटबरोबर सेंद्रिय द्रव्य तापवले, तर ते जळून नेमकी अशीच संयुगे तयार होऊ शकतात. ज्याला आपण आपल्या घरची घाण समजलो, ते कदाचित मंगळाचेच होते! याने तिथे जीव असल्याचे सिद्ध होत नाही, कारण परक्लोरेटसारखी तीव्र रसायने पहिल्या प्रयोगातला वायूही देऊ शकतात. पण 1976 चा निकाल वाटला तितका पक्का राहिला नाही.

दूरच्या ग्रहांबद्दल आज मी थोडेच बोलेन. 124 प्रकाशवर्षांवरच्या के2-18बी या ग्रहाच्या वातावरणात डायमिथाइल सल्फाइड, म्हणजे पृथ्वीवर मुख्यतः समुद्रातले सूक्ष्मजीव तयार करतात तो वायू, असल्याचा दावा झाला आहे, पण संकेत क्षीण आहे, वाद चालू आहे, आणि तिथून चिमूटभर नमुना आणणेही शक्य नाही.

मंगळावर मात्र नमुना तयार आहे. फेब्रुवारी 2021 मध्ये जेझेरो विवरात उतरलेल्या नासाच्या पर्सिव्हरन्स या चाकांच्या यानाला 2024 मध्ये एका जुन्या नदीपात्रातल्या खडकावर बिबट्याच्या ठिपक्यांसारखे डाग दिसले. त्यांच्यात लोहाची दोन खनिजे, विवियनाइट आणि ग्रेगाइट, असल्याचे संकेत आहेत. पृथ्वीवर अशी खनिजे चिखलातले सूक्ष्मजीव घडवतात. जीवाशिवायही ती बनतात, पण त्यासाठी लागणाऱ्या मोठ्या उष्णतेच्या खुणा त्या खडकात दिसल्या नाहीत. सप्टेंबर 2025 च्या शोधनिबंधात संशोधकांनी त्याला ‘संभाव्य’ जैवखूण म्हटले आहे, आणि तो शब्द कोणीही गाळू नये.

दगड परत आला आहे, आभारी आहे. त्यावर आता सभागृहातल्या सगळ्यांच्या हातांचे जीवाणू आहेत आणि सूक्ष्मजीवशास्त्राच्या दृष्टीने तो बाद झाला आहे. हीच भीती ओळखून पर्सिव्हरन्सच्या नमुन्यांसाठीच्या 43 नळ्यांपैकी 5 नळ्या खडकासाठी ठेवलेल्याच नाहीत. त्या साक्षीदार नळ्या आहेत: नमुना घेण्याच्या जागी त्या उघडायच्या, त्यांत खडक भरायचा नाही, आणि यानाबरोबर पृथ्वीवरून काय गेले होते एवढेच त्यांनी टिपून ठेवायचे. ठिपक्यांच्या खडकाचा नमुना यानाच्या पोटात बंद आहे, आणि तो कधी परत येईल हे निश्चित नाही. तो येईल त्या दिवशी मला कोणी विचारलेच, तर आधी साक्षीदार नळी उघडा, असे मी सांगेन.