भट्टी तिची, गल्ला त्याचा

कॅमेऱ्यातनं हा निळा बॅरल बघा. आता अर्धा कापून म्हशीला पाणी पाजायला ठेवलाय, पण आधी ह्यात हातभट्टीच्या दारूसाठी गुळाचं रसायन आंबत पडायचं. सोलापूरजवळचा तांडा आहे, नाव मुद्दाम सांगत नाही.

हातभट्टीचं काम कसं चालायचं तर, पहाटे चारला बाई उठणार, ओढ्याकाठी तीन दगडांवर डबा चढवणार, जळण तिनंच डोक्यावरून आणलेलं, वाफ गार करायला हंडे पण तिनंच ओतायचे, आणि एकदा धार लागली की दोन-तीन तास तिथनं हलायचं नाही, धुरानं डोळे लाल. ते काळे पडलेले दगड अजून तिथंच आहेत. नऊ वाजता मालक मोटरसायकलवर येणार, ट्यूबांत दारू भरून शहराकडं. गल्ला त्याच्याकडं.

धाड पडली की जागेवर कोण सापडणार? हीच. गाडीवाला कधीच पसार. आता कायदा असा की सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत बाईला अटक नाही, अगदीच अपवाद असला तर महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची परवानगी लागते, जामिनातपण बाईचा वेगळा विचार होतो. लोक म्हणतात बायकांना सूट मिळते. मिळते की, पण हे घरच्या पुरुषालापण माहीत असतंय, म्हणून तर भट्टीवर ती!

जेलच्या आत कॅमेरा नेता आला नाही. २०२२ च्या आकड्यांत देशातल्या कैद्यांमध्ये बाया चार टक्क्यांच्या आसपास, आणि सहा वर्षांपर्यंतचं पोर आईबरोबर आत राहू शकतं.

२०२१ मध्ये सोलापूर ग्रामीणच्या एसपी तेजस्वी सातपुतेंनी ऑपरेशन परिवर्तन सुरू केलं. अधिकाऱ्यांना एकेक गाव दत्तक, धाडी चालूच, पण सोबत दुसरं काम मिळवून द्यायचं. नुसत्या केसा करून चूल पेटत नाही हे एका बाईला कळलं, असं आपलं मला वाटतं. हे शिलाई मशीन बघा, पायडलवर भट्टीवरच्या बाईचाच पाय आहे, टाचेला भाजल्याचा डाग.

आता ग्रामपंचायत. २०११ पासून राज्यात स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या, तांड्याचा नायक, म्हणजे म्होरक्या, मात्र पुरुषच. बोर्डावर सरपंच म्हणून ताईंचं नाव. दाखल्यावर सही ताईंनी केली, पॅड पुढं सरकवलं, आणि शिक्का निघाला मिस्टरांच्या शर्टाच्या खिशातनं.