जागा रिकामी नाही

[किहीम. पावसाची रिपरिप. शिंदीच्या झावळ्यांना लोंबकळणारी घरटी. सुरुवातीला निवेदन नाही, फक्त चिवचिवाट.]

ही सुगरणीची घरटी. नाव आपण बाईचं ठेवलं, पण विणकाम सगळं नराचं. मादी येते ती तयार काम पाहायला. आत डोकावते, उलटसुलट बघते आणि पुष्कळदा नापसंत करून निघून जाते.

एक नर इतकी घरटी का बांधतो, आणि त्यातली बरीच अर्धवट का राहतात? पूर्वी समजूत अशी होती, की अर्धी घरटी नराच्या बसण्याउठण्यासाठी असतात. आत चिकटवलेल्या चिखलाच्या गोळ्यांत म्हणे सुगरण काजवे खोचते, घरात उजेड हवा म्हणून. खरं काय ते शोधलं एका बेकार माणसानं. इथंच, अलिबागजवळच्या किहीमला. सन 1930. वय चौतिशीच्या उंबरठ्यावर, पदवी नाही, होती ती नोकरी नुकतीच गेलेली.

सलीम अली. पक्षीतज्ज्ञ म्हणून त्यांच्याबद्दल खूप सांगून झालंय. आज जरा त्यांच्या नोकरीचं बघू.

[मुंबई, फोर्ट. जुन्या दगडी इमारती, गर्दी.]

सुरुवात वशिल्याच्या चिठ्ठीनं झाली. दहा-बारा वर्षांचा सलीम खेतवाडीत मामांकडे वाढत होता, आईवडील लहानपणीच गेलेले. हातात छऱ्यांची बंदूक. एक दिवस त्यानं एक चिमणी पाडली, पण तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका. ही कसली चिमणी? मामा अमीरुद्दीन तय्यबजी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. त्यांनी तिथल्या मिलार्डसाहेबांच्या नावानं चिठ्ठी दिली. एका हातात चिठ्ठी, दुसऱ्या हातात कागदाच्या पुडीत मेलेली चिमणी, असा हा उमेदवार अपोलो स्ट्रीटवर पोचला.

सोसायटीचं बिऱ्हाड तेव्हा फिप्सन कंपनीच्या जागेत होतं. कंपनीचा धंदा मद्याचा. मिलार्ड त्याच धंद्यातले, आणि सोसायटीचे मानद सचिव. म्हणजे तेही तिथे पगारी नव्हतेच! सोसायटी स्थापन झाली 1883 साली. आठ जणांनी मिळून ती काढली, आणि त्या आठांत दोघे आपले डॉक्टर होते: प्रार्थना समाजाचे आत्माराम पांडुरंग आणि डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील सखाराम अर्जुन. ही 'साहेबांची संस्था' होती असं सरसकट म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

मिलार्डनी पुडी सोडली, चिमणी ओळखली: पीतकंठी, म्हणजेच रानचिमणी. मग मुलाला आत नेलं आणि एकेक खण ओढून दाखवला. खणाखणांत पेंढा भरलेले पक्षी, प्रत्येकाच्या पायाला चिठ्ठी. पोराला तिथल्या तिथे कळलं, आपल्याला इथं यायचंय.

[जुना नकाशा: मुंबई ते ब्रह्मदेश.]

आता मधली वर्षं भरभर सांगतो, कारण ती तशीच गेली. कॉलेज अर्ध्यावर सुटलं. ब्रह्मदेशात तव्हॉयला कुटुंबाचा वुल्फ्रॅमच्या, म्हणजे टंगस्टनच्या, खाणींचा आणि लाकडाचा धंदा होता, तिकडे रवानगी झाली. धंद्यापेक्षा जंगलात जास्त लक्ष, हे वेगळं सांगायला नको. 1917 मध्ये परत. दावर कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेब शिकायला नाव घातलं, सोबत सेंट झेवियर्सच्या फादर ब्लॅटर यांच्या सांगण्यावरून प्राणिशास्त्र. 1918 मध्ये तेहमिनाशी लग्न झालं. पण पदवी हाती आली नाहीच.

आणि नेमकी तीच आडवी आली. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेत पक्षीशास्त्रज्ञाची जागा निघाली होती, ती पदवीअभावी हुकली.

[छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. घुमट. आत पक्ष्यांचं दालन.]

1926 साली मात्र इथं काम मिळालं. तेव्हाचं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. निसर्गविज्ञानाचा विभाग नवा होता. पद 'गाइड लेक्चरर', पगार महिना 350 रुपये. काम काय, तर येणाऱ्यांना दालनं दाखवायची, समजावून सांगायची. चारचौघांत सांगण्याजोगी नोकरी, आणि वर पक्ष्यांच्या सोबतीतली. आणखी काय हवं?

दोन वर्षांत ते कंटाळले.

इथं मला हा माणूस फार जवळचा वाटतो. आवडीच्या वस्तूंच्या जवळ बसणं वेगळं आणि आवडीचं काम करणं वेगळं, हे आत शिरल्याशिवाय कळत नाही. काचेआडच्या पक्ष्याबद्दल रोज तेच बोलायचं, आणि खरा पक्षी काय करतो हे विचारायला सवड नाही. 1928 मध्ये त्यांनी अभ्यासाची रजा काढली आणि बर्लिन गाठलं. तिथल्या विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र वस्तुसंग्रहालयात प्रोफेसर एर्विन श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली ते शिकले. नमुना कसा पारखायचा, नोंद कशी ठेवायची, प्रश्न कसा मांडायचा. जर्मनीच्या हेल्गोलँड बेटावर पक्ष्यांच्या पायात ओळखीचे वाळे कसे घालतात तेही पाहिलं.

1930 मध्ये शिकूनसवरून परत आले, तर निधी नाही म्हणून म्युझियमनं त्यांचं पदच रद्द केलेलं.

[पुन्हा किहीम. नर सुगरण गवताची पाती घेऊन येतो.]

मुंबईत राहणं परवडेना. किहीमला कुटुंबातलं घर होतं, नवरा-बायको तिथे आले. आणि घराजवळच सुगरणींची वसाहत. पाऊस सुरू झाला तसे नर विणायला लागले. सलीम अलींनी लपण तयार केलं, आत बसले, आणि कुठलं घरटं कोणाचं, कुठली मादी कधी आली, याची रोजची टाचणं ठेवायला लागले.

नीट बघा. नर आधी अर्धंच घरटं विणतो, बाळाच्या कुंचीसारखं. एवढ्यावर थांबतो, पंख फडफडवतो आणि माद्यांना बोलावतो. मादीला ते पटलं तरच खाली नळी जोडून काम पुरं करतो. ती अंडी घालते, उबवते. तोवर हा बाजूला दुसरी कुंची विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. म्हणजे एका हंगामात नराचे एकापाठोपाठ एक संसार. कुणालाच पसंत न पडलेली घरटी तशीच अर्धी लोंबत राहतात. काजवेबिजवे काही नाहीत.

हे निरीक्षण सोसायटीच्या जर्नलमध्ये 1931 साली छापून आलं. नोकरी असती, तर हा माणूस त्या पावसाळ्यात दालनात उभा असता.

[तंबू, बैलगाड्या: चित्रं.]

पुढची चाल मला सगळ्यात धीट वाटते. रिकामी जागा कुठंच नव्हती, पण रिकामं काम ढीगभर होतं. कितीतरी संस्थानांत पक्ष्यांची पद्धतशीर नोंदच झाली नव्हती. सलीम अलींनी देकार दिला: पगार नको, प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च द्या, सर्वेक्षण मी करतो. हैदराबाद संस्थान तयार झालं. आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात. मग त्रावणकोर, कोचीन, इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर.

इथं एक खुलासा करतो. "पगार नाही, पण अनुभव मिळेल" असं आज कुणी म्हणालं, तर नमस्कार करून उठावं. सलीम अलींना ते जमलं, कारण डोक्यावर नात्यातलं छप्पर होतं आणि शेजारी तेहमिना होती. तंबूतला संसार तिनं हसत केला, मुक्कामांची व्यवस्था सांभाळली. 1939 मध्ये ती गेली. त्यानंतर ते बहिणीकडे राहायला गेले आणि काम तसंच चालू राहिलं.

[हॉर्नबिल हाऊस, मुंबई: सोसायटीची आजची इमारत. लाकडी कपाटं, ओढलेला खण.]

आणि अपोलो स्ट्रीटवरची ती संस्था? तिथे ते कधी भरतीच्या जाहिरातीतून आले नाहीत. जर्नलात लेख, खणांत नमुने, 1941 साली तिनंच छापलेलं त्यांचं पक्ष्यांवरचं पुस्तक, असे ते हळूहळू आत येत गेले. स्वातंत्र्यानंतर सोसायटीची तिजोरी रिकामी झाली, तेव्हा पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून मदत मिळवली ती त्यांनीच. मिलार्डसारखेच तेही सोसायटीचे मानद सचिव झाले.

पुढे मुंबई विद्यापीठानं सोसायटीला पदव्युत्तर संशोधनासाठी मान्यता दिली. आता एम.एस्सी., पीएच.डी.ला मुलं इथं यायला लागली, आणि त्यांच्या प्रबंधांवर मार्गदर्शक म्हणून सही असायची ती सलीम अलींची. ज्यांनी स्वतः कधी बी.एस्सी.सुद्धा पुरी केली नव्हती.

त्यातल्या एका विद्यार्थ्यानं विषय निवडला तो सुगरणींचा.

[घरटं वाऱ्यावर हलतं. नर कुंचीवर बसून पंख फडफडवतो. आवाज हळूहळू थांबतो.]